मेलेलं खात नाही

एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत बसणाऱ्या माणसाला खोटं बोलायचा पगार मिळतो, असं माझा नवरा म्हणायचा. त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. गडहिंग्लजची गाडी कुठे अडकलीय ते मला ठाऊक नसतं. ती येणार की रद्द होणार, तेही नसतं. खिडकीचा गज धरून एखादी बाई विचारते, "बाई, गाडी लागंल न्हवं?" मी मान वर न करता सांगते, "लागंल. थांबा की जरा." एवढ्या बोलण्यावर ती बाई पोर, पिशवी आणि कोंबडी सांभाळत तासभर उभी राहते. इतकी वर्षं मी हेच केलं आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

घरात मी नवऱ्याला अहो-जाहो करते. लिहिताना एकेरी करते आहे, कारण इथे सासरचं कुणी ऐकत नाही. तो फाउंड्रीत होता. तिथल्या आवाजात काम करून करून त्याची घरातली कुजबुजसुद्धा कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत चार घरं ऐकू जायची. असा माणूस हळूहळू गप्प होत गेला, तेव्हा आधी मला बरंच वाटलं. मग तो पान्ह्याला 'ते' म्हणायला लागला, चहाला 'ते' म्हणायला लागला, आणि एक दिवस कामावर फिट येऊन पडला. डोक्यात डाव्या बाजूला गाठ निघाली. ऑपरेशन झालं, पुढे किरणं दिली. केस गेले, आले, पण शब्द अर्धेच परत आले. तरी तो परत कामावर जायला लागला, आणि आम्ही सुटलो असं धरून चाललो.

माझी सासू कोडोलीची. मी तिला आत्ती म्हणते, आमच्या गडहिंग्लजकडं तसंच म्हणतात. पोराच्या डोक्याला टाके पडल्याचं कळल्यावर तिने दोन म्हशी विकल्या, तिसरी शेजाऱ्याच्या गोठ्यात बांधली आणि एक किटली घेऊन आमच्याकडे राहायला आली. तिच्या म्हशीचं दूध रोज सकाळी गावच्या गाडीतून त्याच किटलीत यायचं. आत्तीच्या लेखी जगात आजार एकच होता, अशक्तपणा. त्यावर औषधही एकच, आणि ते त्या किटलीत होतं.

ऑपरेशननंतर वर्षभराने केलेल्या एमआरआयमध्ये त्याच जागी एक पांढरा ठिपका आला.

डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवलं. बरा माणूस होता, पण बोलताना पेनचं टोपण सारखं लावायचा-काढायचा. म्हणाले, "दोनपैकी एक असणार. गाठ परत आली असेल, नाहीतर किरणांमुळे तिथला भाग मेला असेल आणि त्याचा व्रण दिसत असेल. या फोटोत दोन्ही सारखंच दिसतं."

"म्हणजे एवढं मोठं मशीन, आणि त्याला जिवंत काय आणि मेलेलं काय ते कळत न्हाय?" मी म्हटलं. माझा आवाज खिडकीतला लागला होता.

"म्हणून पेट स्कॅन करायचा," ते शांतपणे म्हणाले. "पण नेहमीचा नाही."

नेहमीच्या स्कॅनमध्ये साखरेसारखं औषध शिरेतून देतात. त्याला किरणोत्सारी कण जोडलेला असतो. शरीरात जिथे साखर जास्त खाल्ली जाते, तिथे मशीनला उजेड दिसतो. पण मेंदू सगळा साखरेवरच चालतो, त्यामुळे तो सगळाच उजळतो. दिवाळीच्या रात्री रंकाळ्यावर उभं राहून एक उदबत्ती शोधायची म्हटलं तर कुठे सापडणार, तशी गत. यासाठी दुसरं औषध असतं, प्रथिनाच्या कणासारखं. चांगला मेंदू ते फारसं घेत नाही. गाठीला मात्र वाढायचं असतं, ती ओढून घेते.

"आणि व्रण असला तर?" मी विचारलं.

"व्रण घेणार नाही. मेलेलं खात नाही."

हे औषध कोल्हापुरात होत नव्हतं. पुण्याकडून शिशाच्या डब्यात घालून गाडीने यायचं, आणि वाटेतच संपत यायचं. सुमारे दर दोन तासांनी निम्मं, त्यानंतर त्याच्याही निम्मं. आत्तीने विचारलं, "दूध नासतंय तसं?"

"दूध नासलं तरी भांड्यात राहतं, आजी," डॉक्टर म्हणाले. "हे राहतच नाही."

त्या दिवसापासून आम्ही व्रणासाठी देव पाण्यात घालून बसलो. लोक जखमा भराव्यात म्हणून नवस बोलतात. आत्ती अंबाबाईला म्हणायची, माझ्या लेकराच्या डोक्यात जखमच असू दे गं बाई. मी नवस वगैरे मानत नाही. पण स्टँडवर माईक बंद केला की मीही ओठांतल्या ओठांत तेच म्हणत होते, व्रण असू दे, मेलेलं असू दे. नवऱ्याला किती कळत होतं कुणास ठाऊक. फक्त मधूनच आपलं डोकं असं चाचपायचा, की आत कुणी आहे का ते बघतोय.

स्कॅनच्या दिवशी सकाळी पाण्याशिवाय पोटात काही जाता कामा नये, असं बजावलं होतं. मी ते आत्तीला चारदा सांगितलं आणि कोपऱ्यावर रिक्षा बघायला गेले. परत आले तर नवरा उंबऱ्याबाहेर उभा होता आणि आत्ती पदराला हात पुसत होती. मी बघितलं, पण माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

स्कॅनच्या ठिकाणी एक तंत्रज्ञ मुलगी होती, बारीक आवाजाची. तिने नवऱ्याला खुर्चीत बसवलं, हाताला सुई लावून ठेवली आणि विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं नाही ना?"

"न्हाय," मी म्हटलं.

नवऱ्याने आईकडे बघितलं. त्याला खोटं बोलता येत नसे, आणि आता तर तेवढे शब्दही उरले नव्हते. तो म्हणाला, "ते. पांढरं."

"कायबी दिल्यालं न्हाय," आत्ती म्हणाली. "नुस्तं दहीसाखर."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी आत्तीकडे.

"ते काय खाणं हाय व्हय?" आत्ती म्हणाली. "एवढ्या मोठ्या कामाला निघालाय. हातावर दही न ठेवता घालवू व्हय लेकराला? शाळंच्या परीक्षंला घातलं, नोकरीला जाताना घातलं, आप्रेशनला तुमी मला कळवलंच न्हाईसा, दही राहिलं, बघा काय झालं त्ये."

"किती दिलं, आत्ती?"

"वाटीभर. सायीचं."

मी तिथे जे बोलले ते स्टँडवरच्या दारुड्यालाही कधी बोलले नसेन. चार माणसं वळून बघायला लागली. आत्ती फक्त पोराच्या शर्टावर सांडलेला दह्याचा थेंब नखाने खरवडत राहिली. मुलगीच शेवटी मध्ये पडली. म्हणाली, चार-सहा तास तरी पोट रिकामं लागतं, नाहीतर दह्यातली प्रथिनं आणि आमचं औषध यांची भांडणं होतात. "आत्ता औषध आलं असतं तर मला परत पाठवावं लागलं असतं. पण गाडी अजून आलेली नाही."

"कुठे आहे गाडी?"

"निघाली आहे," ती म्हणाली. "थांबा जरा."

मी खुर्चीत बसले. माझंच वाक्य होतं ते, माझ्याच चालीत. एवढी वर्षं ते दुसऱ्याला ऐकवलं, आता मला ऐकवलं गेलं. त्यात काहीच नसतं, अगदी काही नसतं. ते मला तिथे कळलं.

थांबलो. नऊ वाजले, दहा वाजले. डबा वाटेत कुठेतरी होता आणि त्यातलं निम्मं गेलं असेल, असा मी हिशेब करत होते. मुलगी मोबाइल कानाला लावून आत-बाहेर करत होती. अकराच्या सुमाराला तिने मला सांगून टाकलं, ड्रायव्हरचा फोन लागत नाही, आणखी उशीर झाला तर औषध देण्याजोगं राहणार नाही, आणि पुढची खेप कधी ते ती सांगू शकत नाही. नवरा खुर्चीत डोकं मागे टाकून पडला होता. मला वाटलं, याच्या डोक्यातला ठिपका थांबणार आहे का पुढच्या खेपेपर्यंत?

मग मी माझं डोकं वापरलं. आपल्या ड्रायव्हर लोकांना रस्ता घरच्या अंगणासारखा माहीत. सकाळी पुण्याहून सुटलेल्या गाडीच्या ड्रायव्हरला फोन लावला. कधीकाळी याला मी फलाट चुकवला म्हणून माईकवरून झाडला होता.

"कुठं हाईस रं?"

"कराडच्या पुढं, बाई. उसाची ट्रॉली पलटी झालीया. मुंगी सरकंना."

"तुझ्या आसपास एक बारकी गाडी बघ. मागं पिवळं-काळं चिन्ह असंल, पंख्याच्या पात्यांसारखं."

तो गाडीतून उतरला. मला त्याच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता, लोकांची भांडणं, हॉर्न. "हाय, बाई. आमच्या मागं लय लांब. आत बसल्यालं पोरगं रडकुंडीला आलंय."

"माझ्या नवऱ्याचं औषध हाय त्यात," मी म्हटलं. "डब्यात मरायला लागलंय ते."

त्याने मला एवढंच सांगितलं, "ठेवा फोन." पुढचं मला नंतर कळलं. त्याने आणि त्याच्या कंडक्टरने गाडीतले उतारू खाली उतरवले, ती बारकी गाडी कडेकडेने पुढे आणली, ट्रॉलीवाल्यांना हाताशी धरलं आणि सगळ्यांनी मिळून ऊस उचलून कडेला टाकला, एक बारकी गाडी सुटेल एवढाच. तिच्यामागे दुसरी कुठलीही जाऊ नये म्हणून हा बाबा स्वतः रस्त्यात आडवा उभा राहिला. त्याची स्वतःची गाडी कोल्हापुरात दुपारी उशिरा लागली. त्या उशिराची शिक्षा माझ्याच हाताखालून गेली असती, म्हणून ती गेली नाही.

डबा आला. माणसाच्या एका हाताला जड होईल असा, मळका, कुठेच काही उजळत नव्हतं. मुलीने आत नेऊन मोजलं आणि बाहेर येऊन म्हणाली, "कमी आहे, पण जमवू. जास्त वेळ झोपावं लागेल." दह्याचाही प्रश्न मिटला होता, थांबता थांबता पोट रिकामं झालं होतं. आत्ती लगेच म्हणाली, "बघा, त्याच्या नशिबानं गाडी उशिरा आली." मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही आलं.

इंजेक्शननंतर मुलीने सांगितलं, काही तास यांच्या फार जवळ बसू नका, अंगातून किरणं बाहेर येत असतात. मी माझी खुर्ची सरकवली. आत्तीने तिची त्याच्या अंगाला लावली आणि हात धरला. "आजी, लांब," मुलगी म्हणाली. "माझ्या पोटातनं आलाय," आत्ती म्हणाली. "त्याचं काय मला बाधतंय?"

निकालाला डॉक्टरांनी पडदा आमच्याकडे वळवला. डोकं सगळं काळपट निळं होतं, आणि डाव्या बाजूला, पांढऱ्या ठिपक्याच्या जागी, निखाऱ्यासारखं लाल-पिवळं काहीतरी होतं. त्यांना बोलायची गरज नव्हती. पण ते बोलले, कारण आत्ती विचारत होती.

"हे उजळलंय ते काय?"

"ती गाठ आहे, आजी. आपण दिलेलं तिनं ओढून घेतलं. तिला भूक आहे. व्रण असता तर इथे काही दिसलं नसतं."

"ते जे दिलं, ते दूध-दह्यातबी असतंय न्हवं? डाळीत?"

"तसलंच असतं, हो," डॉक्टर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. पुन्हा ऑपरेशन, नंतर गोळ्या. तोवर वजन राखा, ताकद टिकवा. आत्तीला बाहेर बसवून मी परत आत गेले आणि विचारलं, याने किती वेळ मिळेल. त्यांनी टोपण लावलं आणि सांगितलं. मी तो आकडा कुणालाच सांगितला नाही, इथेही सांगणार नाही.

मला रजा मिळेना. ऑपरेशनची तारीख पुढे होती, तोवर मी कामावर जात होते. नवरा वाळत चालला होता, पण तसं होणारच, असं मला वाटत होतं. आजारच तसला. शर्ट गळ्याशी सैल झाला, मनगटातलं घड्याळ फिरायला लागलं. रात्री मी वाढायची तेव्हा दोन घास तो अधाशासारखा खायचा आणि आत्ती म्हणायची, "बास, बास, रातीचं जड व्हतंय त्याला." दिवसाचं तीच बघत होती. किटली रोज येत होती. मी निर्धास्त होते.

एका दुपारी खिडकीला कुणी नव्हतं, अंग कणकणत होतं, म्हणून लवकर सुटून घरी आले. दार लोटलेलं होतं. नवरा पाटावर बसला होता. ताटात चिमूटभर भात, त्यावर पिवळं पाणी, आमटीच ती, पण डाळ गाळून घेतलेली. तो ताट बोटाने निपटत होता. समोर आत्ती बसली होती, डोळे गच्च मिटून.

"आई," तो म्हणाला. हा शब्द अजून त्याच्याकडे शाबूत होता. "आई, आणि."

"न्हाय रं बाळा. सपलं."

चुलीशेजारी भाताचं पातेलं भरलेलं होतं. दुधावर जाड साय धरली होती. सकाळची किटली तशीच.

मी पायातल्या चपला न काढता आत गेले. "आत्ती, हे काय चाललंय?"

तिने डोळे उघडले. लाल झाले होते. पकडली गेल्यासारखी नाही, सुटल्यासारखी दिसली ती. "ती खातीया," म्हणाली. "म्या हितं भरवायची आन् तिकडं ती खायची. डॉक्टर म्हणालं न्हवं? त्या दिशी म्या दही घातलं. वाटीभर घातलं. तवाच ती पेटली. आता उपाशी मारती तिला. मेली की दिसायची न्हाय."

"आणि तुमच्या लेकाचं काय?"

"त्यो जलमभर जेवलाय माझ्या हातचं. चार म्हैनं कळ काढंल की." ती इथे तुटली. "म्या बी खाईना झालीया. त्याच्याम्होरं घास उतरत न्हाय."

मला तिला मारावंसं वाटलं. आणि तिच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. दोन्ही एकदमच वाटलं आणि मी दोन्हींपैकी काही केलं नाही. तिने काही येडेपणा केला नव्हता. पडद्यावर जे दाखवलं तेच तिने बघितलं, आणि जे सांगितलं तेच ऐकलं. आयुष्यभर म्हशींना, माणसांना घालून वाढवलेल्या बाईला वाटलं की जे घालून वाढतं ते न घालून मरतं. माझ्या पोटचा गोळा असता तर हे मला जमलं असतं का? पातेलं भरलेलं असताना 'सपलं' म्हणणं?

डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, गाठीला उपाशी ठेवता येत नाही. बाहेरून नाही मिळालं तर ती यांच्याच मांसातून घेईल. उपाशी फक्त हे राहतील. मी ते आत्तीला जसंच्या तसं सांगितलं. ती ऐकत होती, पण विश्वास बसत नव्हता तिचा. दुधाचं पातेलं तिने माझ्याकडे सरकवलं. म्हणाली, "तूच घाल. माझा हात व्हईना."

त्यानंतर मीच घालत होते. कामावर जाताना डबे भरून, शेजारणीला सांगून. आत्ती स्वयंपाक करायची, पण वाढायची नाही. नवरा ताट घेऊन तिच्याकडे बघायचा आणि ती भिंतीकडे तोंड करून बसायची.

ऑपरेशनसाठी भरती व्हायचं होतं ती सकाळ आली. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं, त्यामुळे त्या सकाळी खायला मनाई नव्हती, मी विचारून घेतलं होतं. पिशवी भरली. रिक्षा दारात लागली. नवरा उंबऱ्यात उभा राहिला आणि पुढे गेला नाही. मी म्हटलं चला, तरी हलला नाही. त्याने उजवा हात पुढे केला, तळवा वर, आणि आईकडे बघत राहिला. शब्द गेले होते, पण घरातून निघताना काय करायचं ते गेलं नव्हतं.

आत्ती मागे मागे भिंतीला टेकली. मी आत जाऊन वाटीत दही घेतलं, सायीचं, वर साखर घातली आणि वाटी तिच्या हातात दिली.

"खरं सांग," ती म्हणाली. "तू डॉक्टरशी आत बोललीस त्या दिशी. ह्यातलं तिला किती जाईल आन् त्याला किती?"

मला माहीत नव्हतं. गाडी कुठवर आली आहे ते मला माहीत नव्हतं, येणार की नाही तेही माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं की समोर एक बाई उभी आहे आणि तिला आणखी थोडा वेळ उभं राहता आलं पाहिजे.

"सगळं त्यालाच, आत्ती," मी म्हटलं. खिडकीतल्या आवाजात, मान वर न करता.

तिने त्याच्या तळव्यावर दही घातलं. त्याने ते चाटून खाल्लं आणि हात पुन्हा पुढे केला. वाटी रिकामी होईपर्यंत ती घालत राहिली.